कर्ज फिटलं आणि फाइल दिसेनाशी झाली

कोल्हापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेतलं हे प्रकरण. बँकेचं नाव देत नाही. कर्जदाराचं नाव आणि सगळे क्रमांक बदलले आहेत. मी बाहेरचा माणूस, कार्यालयांचे अभिलेख लावून देण्याचं काम करतो. मला बोलावणं आलं ते शोधून शोधून सगळे दमल्यावर.

२०११ मध्ये पुलाच्या शिरोलीतला एक बिगरशेती प्लॉट तारण देऊन शेती अवजारांच्या दुकानासाठी मुदत कर्ज घेतलं गेलं. कर्जदार, त्यांना आपण आप्पासाहेब पाटील म्हणू, मध्यंतरी वारले. थकत-भागत चाललेलं ते कर्ज शेवटी मुलाने एकरकमी भरून मिटवलं, बेबाकी दाखला घेतला आणि काही दिवसांनी अर्ज दिला, की वडिलांचं मूळ खरेदीखत परत द्या. शाखेतल्या मॅडमनी दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली उघडली (बँकेत तिला सगळे डीएमएस म्हणतात, मीही तेच म्हणतो), नाव टाकलं आणि शोधलं. उत्तर आलं, ‘एकही दस्तऐवज आढळला नाही.’

मूळ कागद अर्थातच कॉम्प्युटरात नसतो. तो मुख्य कार्यालयातल्या अग्निरोधक कपाटात, सीलबंद पाकिटात असतो. पण कुठलं कपाट, कुठला कप्पा, कितवं पाकीट हे सांगणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे डीएमएसमधली नोंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, तेव्हा बँकेने तळमजल्यावरचे कागद रातोरात वर हलवले. त्या धावपळीत जुन्या तारण रजिस्टरातला क्रम आणि पाकिटांचा क्रम यांची फारकत झाली. पुढच्या वर्षी ठेकेदाराकडून सगळं स्कॅन करून घेतलं आणि पाकिटांना नवे क्रमांक दिले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा एकही कागद भिजला नाही. डीएमएसवर पुढे मी जी टीका करणार आहे तिच्याआधी हे श्रेय तिला द्यायला हवं. पण याचा दुसरा अर्थ असा, की नोंद सापडली नाही तर कपाटातली पाकिटं एकेक फोडून बघणं एवढाच मार्ग राहतो.

आणि तेवढा वेळ नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने वैयक्तिक कर्जांसाठी ठरवून दिलंय (आणि ही बँक तोच नियम दुकानाच्या कर्जालाही पाळते), की १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मालमत्तेचे मूळ कागद परत करायचे आणि बोजा नोंदवलेला असेल तर तो उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवला किंवा खराब झाला असेल तर नक्कल मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. त्या कामाला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाई त्यानंतर लागू होते. शाखेने दिवस मोजले होते ते मुलाच्या अर्जाच्या तारखेपासून. नियम मोजतो कर्ज फिटल्यापासून. हा फरक कळल्यावर हातात आठवडाभरच उरला.

बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सुचवलं, की ‘हरवलं’ म्हणून नोंद करू, महिनाभर आणखी मिळेल. विधी विभागाच्या साहेबांनी ते तिथेच थांबवलं. हरवलं म्हणायचं तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. आणि उद्या पाकीट कपाटातच सापडलं तर उत्तर कोण देणार?

रेकॉर्ड रूममध्ये जुने शिपाई आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. ते एकच सांगत होते, “पाकीट हाय वो साहेब. पुरात म्या सोता वर न्हेल्यात. जाणार कुठं?” त्यांच्या बोलण्याला बैठकीत फारसं वजन नव्हतं, कारण त्यांच्यासमोर स्क्रीनवरचं शून्य होतं.

शून्याचा अर्थ

मी गेल्यावर पहिल्यांदा मॅडमना विचारलं, काय काय शोधलंत ते सांगा, कितीदा ते नको. त्यांनी रीतसर वहीत लिहून ठेवलं होतं. नाव मराठीत, मग इंग्रजीत. कर्ज खाते क्रमांक. गाव शिरोली आणि तालुका हातकणंगले. तारखेच्या चाळणीत २०११ चं वर्ष. शेवटी मुलाने दिलेला दस्त क्रमांक. सगळीकडे शून्य.

यात मॅडमचं काही चुकलेलं नव्हतं. घोळ झाला तो प्रत्येक शून्यावरून निष्कर्ष काढण्यात. नावाने सापडलं नाही म्हणजे स्कॅनच झालं नसेल. खाते क्रमांकाने सापडलं नाही म्हणजे क्रमांक चुकला असेल. वर्षाने नाही म्हणजे पुरात गेलं असेल. असं करत करत आठवडाभरात ‘पाकीट पुरात गहाळ’ ही गोष्ट जवळजवळ ठरून गेली होती. एकही कागद उघडून न बघता.

डीएमएस ‘आढळला नाही’ म्हणते तेव्हा चार वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. कागद खरोखरच सिस्टीममध्ये नाही. किंवा आहे, पण बघण्याचा अधिकार तुमच्या लॉगिनला नाही, आणि अशा वेळी बहुतेक सिस्टीम ‘अधिकार नाही’ असं सांगत नाहीत. फाइलचं असणं हीदेखील गोपनीय माहिती मानून ती यादीतूनच गाळतात. किंवा आहे, पण शोध ज्या कप्प्यात चालला त्या कप्प्यात नाही. किंवा आहे, तिथेच आहे, पण त्यावर लिहिलेली अक्षरं वेगळी आणि तुम्ही टाकलेली वेगळी. चारही वेळा ओळ तीच उमटते. आमच्या प्रकरणात पहिली सोडून उरलेल्या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या, म्हणून एकेक करून बघताना काहीच हाती लागत नव्हतं.

बंद खात्याचा नियम

मूळ दुखणं इथे होतं, आणि ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

डीएमएस बसवताना एक नियम घातला होता, की कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य सिस्टीममध्ये, कर्ज खातं बंद झालं की त्या खात्याची फाइल त्याच रात्री चालू संग्रहातून अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या फायलींच्या संग्रहात, जावी. असे नियम सर्रास असतात आणि वाईट नसतात. चालू संग्रह हलका राहतो, शोध वेगाने चालतो, रोज न लागणाऱ्या फायली डोळ्यांसमोर येत नाहीत. नेहमीचा शोध अर्काइव्हमध्ये बघत नाही, त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. आणि ही खूण शाखेच्या लॉगिनला दिसतच नव्हती, कारण अर्काइव्हचा अधिकार फक्त मुख्य कार्यालयाला दिलेला होता.

कर्ज मागणी अर्ज, ओळखीच्या पुराव्यांच्या प्रती, हप्त्यांचा पत्रव्यवहार यांना हा नियम शोभतो. खातं मिटलं, कागद निजला. पण तारणाच्या मूळ कागदांचं नेमकं उलटं आहे. कर्ज चालू असताना वर्षानुवर्षं त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. हात लागायचा असतो तो कर्ज फिटल्यावर, पुढच्या तीस दिवसांत. म्हणजे ज्या दिवसापासून ते पाकीट शोधलं जाणार, त्याच रात्री सिस्टीम ते शोधाच्या बाहेर नेऊन ठेवत होती. मुलाने पैसे भरले त्या रात्री नियम चालला. अर्ज घेऊन तो आला तेव्हा शाखेला फाइल दिसणं शक्यच नव्हतं, मग नाव कसंही लिहा.

हा प्रश्न आधी का आला नाही? येत होता. पण बहुतेक कर्जदार खातं बंद करतानाच काउंटरवर कागद मागतात, तेव्हा फाइल अजून चालू संग्रहात असते. पैसे भरून नंतर येणारे थोडे. ते आले की शाखेतलं कुणीतरी मुख्य कार्यालयात ओळखीच्याला फोन करायचं आणि तो काढून द्यायचा. ते ओळखीचे निवृत्त झाले आणि नियम उघडा पडला. कार्यालयातल्या बऱ्याच सिस्टीम अशा एखाद्या फोनवर चाललेल्या असतात.

अर्काइव्ह उघडल्यावरही

मुख्य कार्यालयाच्या लॉगिनने अर्काइव्ह उघडलं. वाटलं, झालं काम. नाव टाकलं, तर पाटलांची मोठी यादी आली आणि त्यात आमचे आप्पासाहेब नव्हते.

नोंद होती दुकानाच्या नावाने, ‘…ॲग्रो एजन्सी’. मालकाचं नाव दुसऱ्या रकान्यात, आणि तेही ‘आप्पासो’. आपल्याकडच्या कागदांत ‘साहेब’चं ‘सो’ होणं नित्याचं आहे. बाळासो, दादासो, रावसो. सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. माणसाला दोन्ही एकच वाटतात. शोधयंत्राच्या लेखी ‘आप्पासाहेब’ आणि ‘आप्पासो’ ही दोन माणसं. दुकानाच्या नावाने बघावं तर ‘ॲ’ची गंमत. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीचे, आणि सवयीने त्यानंतरचेही, टंकलेखक ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहितात, काही जण हिंदीतलं ‘ऍ’ वापरतात. डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, आतले संकेत तीन वेगळे.

खाते क्रमांकाचं कारण साधं होतं. स्कॅन करणाऱ्या मुलांनी फोल्डरवर लिहिलेला जुना खतावणी क्रमांक टाकला होता, कोअर बँकिंगनंतर मिळालेला लांबलचक क्रमांक नाही. जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता सिस्टीममध्ये होता. खातं बंद झाल्याची खबर फाइलपर्यंत पोचली ती याच तक्त्यामुळे. पण शोधाच्या खिडकीला तो जोडलेला नव्हता. तारखेचंही तसंच. चाळणीतली तारीख म्हणजे कागद सिस्टीममध्ये चढवल्याची तारीख, म्हणजे २०२०. दस्त २०११ चा असला तरी त्या चाळणीतून तो कधीच उतरणार नव्हता.

गावाने मात्र आम्हाला खरंच चकवलं. जिल्ह्यात शिरोल्या दोन. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात, शिरोली दुमाला करवीर तालुक्यात. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तालुक्याचा रकाना आधीपासूनच ‘करवीर’ने भरलेला यायचा, कारण बँकेच्या बहुतेक शाखा करवीरमध्ये. ज्या पोराला दिवसाला शेकड्याने फायली चढवायच्या आहेत तो भरलेला रकाना कशाला बदलेल? त्यामुळे आमची नोंद होती ‘शिरोली, ता. करवीर’. ही ओळ यादीत माझ्या समोरून गेली, मॅडमच्याही गेली. दोघांनी ती दुमाल्याची म्हणून सोडून दिली. ज्याला जिल्हा माहीत आहे तोच इथे फसणार.

दस्त क्रमांक

राहिला मजकुरातला शोध, म्हणजे स्कॅन केलेल्या पानांवरून यंत्राने वाचून काढलेली अक्षरं. हे काम ठेकेदाराने टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीने केलं होतं. तिला मराठी येतं, पण भाषा सांगावी लागते. सांगितली नाही तर ती इंग्रजी धरून चालते. ठेकेदाराने सांगितली नव्हती. त्यामुळे गहाणखताच्या चाळीस पानांचा मराठी मजकूर शोधसूचीत गेला तो इंग्रजी अक्षरांचा भुगा होऊन. मंजुरीपत्रांची तऱ्हा वेगळी. ती स्कॅन न करता थेट वर्ड फाइल म्हणून चढवली होती, पण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली. असल्या फाँटमध्ये स्क्रीनवर मराठी दिसतं, पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. शोधयंत्र पोटातलं वाचतं.

तेव्हा माझ्या मनात आलं, की इंग्रजी धरून वाचणारं यंत्र मराठी पानावरचं काय बरोबर वाचेल? इंग्रजी आकडे. आणि नोंदणी झालेल्या दस्ताच्या शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयातून निघणारा छापील गोषवारा असतो, त्यावर दस्त क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. हस्ताक्षर नाही, शिक्का नाही, स्वच्छ छपाई.

मुलाकडे गहाणखताच्या इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या दस्ताच्या सूचीची, झेरॉक्स होती. (ती नसती तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून दस्त क्रमांक काढता आला असता, वेळ थोडा जास्त गेला असता इतकंच.) तिच्यावरचा क्रमांक ४३२१/२०११. मॅडमनी हाच क्रमांक आधी टाकला होता, पण मराठी कीबोर्डवर, मराठी आकड्यांत, आणि अर्थात अर्काइव्हशिवाय. युनिकोडच्या लेखी मराठी चार आणि इंग्रजी चार ही वेगळी अक्षरं आहेत.

इंग्रजी आकड्यांत टाकल्यावर शेकडो निकाल आले. कारण यंत्राने तिरप्या रेघेवर क्रमांक तोडून दोन शब्द केले, आणि दोन्हीपैकी एक असलेला प्रत्येक कागद समोर ठेवला. २०११ तर कुठल्याही कागदावर असतं. मग क्रमांक अवतरणचिन्हांत घातला, म्हणजे दोन्ही आकडे लागोपाठ, त्याच क्रमाने हवेत असा हुकूम. तीन निकाल उरले. दोन दुसऱ्याच कार्यालयांतले त्याच क्रमांकाचे दस्त होते, कारण प्रत्येक निबंधक कार्यालयाची मोजणी स्वतंत्र चालते. तिसरा उघडला तर समोर ॲग्रो एजन्सी, आप्पासो, शिरोली. नोंदीत पाकीट क्रमांक होता. आबांनी कपाट उघडून पाकीट काढलं, विधी विभागाने सील तपासलं, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी मुलाला मूळ खरेदीखत पोच घेऊन दिलं. बोजा उतरवण्याचं पत्रही त्याच वेळी गेलं.

मग काय बदललं

संचालक मंडळाच्या बैठकीत एका विक्रेत्याचा प्रस्ताव आला, नैसर्गिक भाषेत प्रश्न विचारा, कृत्रिम बुद्धिमत्ता फाइल शोधून देईल. त्याला माझा विरोध तत्त्वाचा नव्हता. पण ज्या कप्प्यात बघायची मुभाच नाही त्या कप्प्यातली फाइल कितीही हुशार यंत्र आणणार नाही, आणि वाचलेला मजकूरच भुगा असेल तर ते त्या भुग्यातच शोधणार. मंडळाने प्रस्ताव पुढे ढकलला.

पहिली दुरुस्ती नियमाची, आणि ती एका दिवसात झाली. तारणाची फाइल आता खातं बंद झाल्यावर ‘परतीस बाकी’ या अवस्थेत जाते आणि शाखेला दिसत राहते. कागद मिळाल्याची पोच स्कॅन होऊन जोडली गेली की मगच ती अर्काइव्हमध्ये जाते. ‘परतीस बाकी’ फायलींची यादी रोज सकाळी शाखाधिकाऱ्यांकडे येते, शेजारी कर्ज फिटल्याची तारीख आणि उरलेले दिवस. दिवस कुठून मोजायचे हा वादही त्यामुळे संपला. शून्य निकालाची ओळ बदलून घेतली. आता ती सांगते, की तुमच्या अधिकारातल्या चालू संग्रहात आढळलं नाही, अर्काइव्ह शोधण्यासाठी तारण विभागाशी संपर्क करा. माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत उपयोगी काम हेच.

जुना खाते क्रमांक, नवा खाते क्रमांक, आणि दस्त क्रमांक-वर्ष-निबंधक कार्यालय हे तीन रकाने सक्तीचे आणि शोधण्याजोगे केले. गावाचं नाव टाइप करणं बंद. गाव यादीतून निवडायचं, त्याच्यामागे २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव संकेतांक, आणि तालुका त्यावरून आपोआप. आधीपासून भरलेला ‘करवीर’ काढून टाकला.

मजकुराच्या बाजूला जरा जास्त घाम गाळावा लागला. सिस्टीमच्या पोटात इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र आहे. त्यात हिंदीसाठी तयार विश्लेषक, म्हणजे शब्दांची वेगवेगळी रूपं जुळवून देणारा भाग, मिळतो, मराठीसाठी नाही. हिंदीचा लावून काम भागेल असं विक्रेत्याचं म्हणणं होतं. भागत नाही. ‘कोल्हापूर’ शोधणाऱ्याला ‘कोल्हापुरात’ असलेला कागद हवा असतो, आणि इथे नुसता प्रत्यय लागत नाही, आतला ऊकारही ऱ्हस्व होतो. हिंदीचा विश्लेषक ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मिटवतो, पण ‘-ात’सारखे मराठी प्रत्यय त्याला काढता येत नाहीत. पूर्ण मराठी विश्लेषक बनवायच्या फंदात आम्ही पडलो नाही. आकडे एका रूपात आणणारी चाळणी लावली, ‘ॲ’ची तिन्ही रूपं आणि ‘ऱ्य’ लिहायच्या दोन पद्धती एकत्र आणल्या, आणि एक छोटी समानार्थी यादी केली, ज्यात साहेब-सो, आण्णा-अण्णा, उंचगाव-उचगाव असली जोडपी आहेत. ही यादी मी मुद्दाम लहान ठेवली. ती वाढवत नेली की प्रत्येक शोधाला गाडाभर निकाल येतात आणि माणूस पुन्हा पहिल्या पानावरच थांबतो. नावावर शोध घेणं ही सोय आहे, भिस्त क्रमांकावर हवी, यावर मॅडमचं आणि माझं एकमत. शाखाधिकाऱ्यांना अजून नावच बरं वाटतं, कारण ग्राहक काउंटरवर नावच सांगतो.

तारणाच्या दस्तांवर टेसरॅक्ट पुन्हा चालवलं, या वेळी मराठी आणि इंग्रजी दोन्ही सांगून. छापील मजकूर चांगला वाचला गेला. ज्या पानांचं स्कॅनिंग ३०० डीपीआयपेक्षा (इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा) कमी होतं तिथे जोडाक्षरं गळाली, ती पानं टप्प्याटप्प्याने पुन्हा स्कॅन होतील. हस्तलिखित जुने उतारे आणि शिक्क्याखाली दबलेल्या ओळी यंत्राला वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी तेवढे सक्तीचे रकानेच.

शेवटचं काम आबांच्या हट्टाने झालं. ते म्हणाले, ह्यो एक पोरगा आला म्हणून कळलं, न आलेल्यांचं काय? अर्काइव्हमध्ये गेलेली पण पोच नसलेली तारण खाती काढली. यादी निघाली. त्यातली काही खाती १ डिसेंबर २०२३ च्या आधी फिटलेली, म्हणजे भरपाईचा नियम त्यांना लागू नाही. विधी विभागाने तरीही सगळ्यांना पत्रं पाठवायचं ठरवलं. पत्ते जुने आहेत, काही पत्रं परत आली. त्या कर्जदारांचे किंवा वारसांचे ठावठिकाणे त्या त्या शाखेतले लोक गावात विचारून काढत आहेत.